उघाडीजवळचा चूड

हौसानं खाजणात मासे पाळायचं काढलं, तेव्हा अख्खी वाडी हसली. खाडी माशांनी भरलेली असताना डबक्यात कसले मासे पाळायचे! पण हौसा जिद्दीची. नवरा महिपत मुंबईला गिरणीत, आणि तिच्या वाट्याला जयगडच्या खाडीकाठची ही एवढीच खाजणाची, खाऱ्या पाण्यानं नासलेली जमीन.

गावच्या सहकारी सोसायटीनं मात्र तिचं हसं केलं नाही. बांधातल्या उघाडीसाठी, म्हणजे भरतीचं पाणी आत घेणाऱ्या दारासाठी, किंजळाच्या फळ्या दिल्या. सरकारी साहेबानं बोय माशाची पिल्लं भरतीबरोबर आत कशी घ्यायची ते दाखवलं. पिल्लं आता वीतभर झाली होती. राहिला बांध, आणि बांध म्हणजे गावकी. बांधाला खांड पडली, म्हणजे तो कुठं फुटला, की गावकीचा म्होरक्या गावकर देवळातला ढोल वाजवी आणि घरटी एक माणूस चिखलाची पाटी घेऊन धावे. समुद्राशी एकट्यानं भांडणं ही का गंमत आहे!

हौसानं गावकीपुढे पदर पसरला. गावकर आत्माराम म्हातारा, शब्दाचा पक्का नि तोंडाचा फटकळ.

"ढोल भातासाठी, हौसा. माशांसाठी नाय. वाडवडलांचा नेम हाय, माझ्यानं मोडवत नाय."

ती तणतणत घरी आली.

आषाढात एका सकाळी बघते तो खाजणाच्या कडेनं खाऱ्या भाताची रोपं लावलेली, आणि चिखलात आत्मारामच्या काठीचे ठसे! तिचं पित्तच खवळलं. दुसऱ्याच्या जमिनीत रोप लावणं म्हणजे हक्क सांगायचा डाव, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "म्हातारा जमीन गिळायला निघाला!" म्हणत तिनं रोपं उपटून खाडीत भिरकावली.

श्रावणी अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी बांध फुटला. ओहोटी लागली की सगळी बोय खाडीला मिळणार होती. हौसा एकटीच खांडीत चिखल लोटत होती आणि रडत होती.

आत्माराम काठी टेकत आला. त्यानं खाजणाची कड पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भात कुठं गेलं गो?"

"मी उपटलं! जमीन माझी हाय."

"अगो खुळे, तुझी जमीन मला कशाला? नेम मोडता येत नाय, पण भात लावता येतं ना? माझ्या हातानं लावलंय, कंबर मोडून!"

हौसाच्या हातातली पाटी गळाली. ज्याला इतके दिवस शिव्या घातल्या, तोच माणूस तिच्यासाठी चिखलात वाकला होता.

आत्माराम वाकून वाकून बांध धुंडाळू लागला. उघाडीच्या फळीआड तिच्या नजरेतून सुटलेला एक चूड, चार रोपांचा जुडगा, उभा होता.

"हा बघ! एक चूड असो की खंडीभर, भात ते भात," म्हणत तो तरातरा देवळाकडे निघाला.

ढोल घुमला. हसणारी वाडी पाट्या घेऊन धावली. सोसायटीचा चिटणीस सखारामही धोतर खोचून चिखलात उतरला. ओहोटीआधी खांड बुजली.

माणसं पांगल्यावर हौसा उघाडीजवळ गेली. गर्दीच्या पायांखाली चूड आडवा झाला होता. तिनं तो दोन्ही हातांनी सरळ केला, बुडाशी चिखल दाबला आणि आत्मारामच्या पाया पडायला वळली.

म्हातारा खेकसला, "पाया मागनं पड. आधी आणखी रोपं लाव. पुनवेला परत उधाण हाय."