दोन सह्यांचा अहवाल

देलिला नानलोहीची नोकरी ऐकली की अंबोन शहरातले लोक आधी हसत आणि मग हेवा करत. सकाळी सहा ते दुपारी दोन कानाला हेडफोन लावून टीव्ही बघायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. प्रक्षेपण आयोगाच्या दोन खोल्यांच्या कचेरीत ती अकरा वर्षं हेच करत आली होती. मालिका, जाहिराती, बातम्या आणि मुख्य म्हणजे प्रवचनं. कुणी दुसऱ्याच्या धर्माबद्दल विष ओकलं, तर वेळ, शब्द, सूर असं सगळं तक्त्यात भरून अध्यक्षीणबाईंच्या टेबलावर ठेवायचं. या गावात एका अफवेवरून गल्ल्याच्या गल्ल्या जळालेल्या देलिलाने तरुणपणी पाहिल्या होत्या. त्यामुळे लोक काही म्हणोत, ती डुलकी काढत नसे.

शेजारच्या खुर्चीवर मुख्तार तुआसिकल बसे. चर्चचे कार्यक्रम देलिलाने बघायचे आणि मशिदीचे मुख्तारने, असं ठरलेलं होतं. कागदावर कुठे नव्हतं ते. एकमेकांच्या भिडेपोटी पडलेली सवय होती. मुख्तार तिला उसी म्हणे, ताई म्हणावं तसं, आणि ती त्याला आबांग, म्हणजे दादा.

तीन महिन्यांपूर्वी ‘तेलुक टीव्ही’ या स्थानिक वाहिनीवर सकाळी सहाचा नवा कार्यक्रम सुरू झाला. दोन भजनं, एक प्रार्थना आणि मधे भरपूर विनोद. निवेदक होता बेनोनी नानलोही, देलिलाचा सख्खा धाकटा भाऊ. गळा गोड, जीभ त्याहून गोड. महिन्याभरात मासळीबाजारातल्या बायका त्याच्या नकला करू लागल्या. देलिलाने अध्यक्षीणबाई इबू सोपाकुआ यांना आपणहून सांगितलं, “माझा भाऊ आहे, हे काम दुसऱ्या कुणाला द्या.” इबूंनी चष्म्यावरून खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “दुसरं कोण दिसतंय तुम्हाला?”

मंगळवारी सकाळी बेनोनीने नवीन घर घेणाऱ्यांना उपदेश केला. शेजारी कसे निवडावेत यावर दोन बरे विनोद झाले. मग त्याने आवाज खाली आणला. “त्यांच्याकडून मासे खुशाल घ्या. ताजे असतात. पण पोरंबाळं त्यांच्या दारात पाठवू नका. दिलेला शब्द मोडला की पुण्य लागतं, अशी शिकवण असते त्यांच्याकडे.” आणि त्याने डोळा मारला. पडद्यामागचे लोक हसले.

देलिलाने चित्र थांबवलं, मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. सहा वाजून सतरा मिनिटं. तिने लिहायला घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मुख्तारच्याही पडद्यावर तोच कार्यक्रम आहे.

“तुम्ही माझ्या भावाचं काय बघताय, आबांग?”

“रोज बघतो. हसायला येतं,” मुख्तार ओशाळून म्हणाला.

“आज आलं का?”

त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. “सोडा, उसी. याच्यापेक्षा वाईट ऐकलंय मी. बोलायच्या भरात बोलला. तुम्ही लिहिलंत तर नाताळला एका टेबलावर कसे बसाल?”

“तुमच्याकडच्या कुणी माझ्याबद्दल असं म्हटलं असतं तर?”

मुख्तारने बोटाची वायर हळूहळू सोडवली.

दुपारी ती अहवाल घेऊन गेली. इबू सोपाकुआंनी तो दोनदा वाचला. “शब्द चोख लिहिलेत. पण खाली नानलोही सही करणार आणि वर नाव नानलोहीचं. बहिणीनं दावा साधला म्हणतील. मुख्तारना सही करू दे.”

“मी केली,” दारातून मुख्तार म्हणाला, “तर मुसलमानानं चर्चचा कार्यक्रम बंद पाडला म्हणतील. सहाचा कार्यक्रम नऊला रस्त्यावर येईल.”

इबूंनी अहवाल पुढ्यात ओढला आणि सहीची रेघ पेनाने डावीकडे वाढवली. “दोघं करा. मग जो ओरडेल त्याला निम्मंच ओरडता येईल.”

सुनावणीची नोटीस निघाली आणि गुरुवारी दुपारी बेनोनी बहिणीच्या दारात उभा राहिला. एका हातात नोटीस, दुसऱ्या हातात तळलेली केळी आणि मिरचीचा ठेचा. भांडायलासुद्धा तो रिकाम्या हाताने येत नसे.

“उसी, सगळ्या वाहिन्या सोडून तुला मीच सापडलो?”

“सहा ते साडेसहा तूच असतोस समोर. मी काय करू?”

“अगं, विनोद होता तो.”

“बरं. मग मला नको सांगूस. मुख्तारच्या घरी जाऊन सांग. तिथं हसले तर मी अहवाल मागे घेते.”

बेनोनीने केळ्याचा तुकडा ठेच्यात बुडवला आणि तो तसाच धरून राहिला. पण लोकांना हसवता येत नाही असं कुणी म्हणालेलं त्याला आजवर सहन झालं नव्हतं. “चल,” तो म्हणाला. “आत्ता चल.”

शेअर गाडीने ते बातु मेराह या मुसलमान वस्तीत उतरले. मुख्तारचं घर चढावर, मशिदीच्या मागच्या गल्लीत. वाटेत दोन पोरांनी बेनोनीला ओळखलं आणि त्याच्या चालण्याची नक्कल करत मागे आली. देलिलाला वाटलं, हा आता परत फिरेल. तो फिरला नाही, फक्त शर्टाची कॉलर नीट करत राहिला.

दार मुख्तारच्या आईने उघडलं. सगळी गल्ली तिला नेने म्हणे, म्हणजे आजी. वय त्र्याऐंशी, कानाने तीक्ष्ण, गुडघ्याने अधू. तिने बेनोनीकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उजळला.

“अगंबाई, हा तर टीव्हीतला. मुख्तार, हा टीव्हीत दिसतो त्याच्यापेक्षा जाडा आहे रे.”

“नेने, तुम्ही माझा कार्यक्रम बघता?” बेनोनी चकित झाला.

“नमाज झाला की तुझंच लावते. शब्द तुमच्या देवाचे, पण चाली छान असतात. ये, बस.”

आलं घातलेली कॉफी आली, सोबत बशीत केनारीच्या बदामासारख्या बियांचे काप. नेनेने त्याला भजन म्हणायला लावलं आणि मान डोलावली. मुख्तार कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता, जणू परीक्षा त्याचीच होती.

“आता विनोद सांग,” नेने म्हणाली.

बेनोनीने जावई आणि होडीचा विनोद सांगितला. नेने हसली, ओढणीने डोळे पुसले. “हा चांगला आहे. पण मला मंगळवारचा सांग. पोरं आमच्या दारात पाठवू नका, तो. माझी सून स्वयंपाकघरात होती, तिचा ऐकायचा राहिला. तिलाही हसू दे.”

सून खरोखरच हात पुसत दारात येऊन उभी राहिली. देलिलाने खाली पाहिलं. बेनोनीने कप उचलला, ठेवला. हजारो लोकांसमोर रोज बोलणारा माणूस. आता तो कपातल्या कॉफीकडे बघत होता.

“तो नाही येत मला,” शेवटी तो पुटपुटला.

“असं कसं? परवाच तर म्हणालास.” नेनेचा आवाज मऊच होता. “बरं, राहू दे. एक सांग. आमच्याकडे शब्द मोडला की पुण्य लागतं, हे तुला कुणी सांगितलं? मला त्र्याऐंशी वर्षांत कुणी बोललं नाही. आधी कळलं असतं तर किती पुण्य जमवलं असतं.”

मुख्तारला हसू आवरेना. सून हसली, मग देलिलाही. बेनोनी एकटाच हसला नाही. कानापर्यंत लाल झाला होता.

“कुणी सांगितलं नाही, नेने,” तो म्हणाला. “लोक हसतात म्हणून बोललो.”

“हसले, तेही ऐकलं मी. तेव्हाच टीव्ही बंद केला.” तिने बशी त्याच्यापुढे सरकवली. “घे, केनारी संपव.”

केनारी संपवूनच दोघं उतारावरून परतले. खाली रस्त्याला लागल्यावर बेनोनी म्हणाला, “अहवालात सूर म्हणून काय लिहिलंयस?”

“गोड,” देलिला म्हणाली. “म्हणून तर जास्त वाईट.”

सुनावणीला वाहिनीचे मालक वकील घेऊन आले. वकिलाने सांगितलं की निवेदकाने कुठल्याच धर्माचं नाव घेतलेलं नाही, ‘ते’ म्हणजे कुणीही. इबू सोपाकुआंनी विचारलं, “कुणीही म्हणजे तुम्हीसुद्धा?” वकील कागद चाळू लागला. तेवढ्यात बेनोनी उभा राहिला. “मला माहीत होतं मी कुणाबद्दल बोलतोय. ऐकणाऱ्यांनाही माहीत होतं. नाव घेतलं नाही, कारण तशी हिंमत नव्हती.” मालकांनी त्याची बाही ओढली, पण तो बसला नाही.

आठवडाभर कार्यक्रम बंद आणि तो पुन्हा सुरू होईल त्या पहिल्या दिवशी माफी, असा निर्णय झाला. माफीचा मजकूर आयोगाने लिहून दिला होता, इतका रुक्ष की वाचतानाच झोप यावी. बेनोनीने तो अक्षर न बदलता वाचला. मग कागद खाली ठेवून म्हणाला, की आपण एका घरी गेलो होतो, तिथे कॉफी मिळाली, आणि आपला तो विनोद त्या घरात उभं राहून सांगता आला नाही. जो तिथे सांगता येत नाही, तो इथेही सांगायला नको होता. बाजारातल्या काही लोकांनी त्याला घाबरट म्हटलं. पत्रं आली, त्यातली दोन देलिलाच्या नावे, शिव्यांनी भरलेली. ती तिने फाइलला लावली आणि नाताळचं आमंत्रण भावाला नेहमीसारखं फोनवरच दिलं.

माफीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्तार कचेरीत आला, तो उशिरापर्यंत हेडफोनच लावेना.

“उसी,” तो म्हणाला, “माझ्याकडे एक आहे. शुक्रवारी रात्रीचे मौलवी. चार महिने तुमच्या लोकांबद्दल बोलतायत. मी दर वेळी ‘आक्षेपार्ह काही नाही’ लिहीत आलो.”

“का?”

“मोठे आहेत. आणि तुम्ही बघत नव्हता.”

देलिलाने खुर्ची त्याच्या पडद्याजवळ ओढली आणि हेडफोनचा एक कान मागितला. त्याने तो दिला. चार महिन्यांचं रेकॉर्डिंग होतं, दोन-तीन आठवडे जाणार होते. तिने नवा तक्ता काढला आणि सहीच्या जागी आधीच दोन रेघा मारल्या.

“पहिल्यापासून लावा, आबांग,” ती म्हणाली. “आणि खाल्लंय का काही? मी केळी आणलीत.”