चौथं माणूस

वसंतरावांनी कागदाच्या एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी ठेवली, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, आणि डोक्यावरच्या पंख्याकडे एकदा संशयाने पाहून घेतलं. मग घसा खाकरला.

"तर, मेट्टुपाळयमला सकाळी उतरायचं. डोंगरातली छोटी गाडी तिथूनच सुटते. चढताना डाव्या बाजूला बसायचं. दरी डावीकडे आहे."

"डावीकडे सगळ्यांना कशी जागा मिळेल, बाबा?" सूनबाई ऊर्मीने विचारलं. तिचा अंगठा फोनवर चालूच होता.

"समोरासमोर दोन खिडक्या असतात. एक तुला, एक तुझ्या आईला. तन्मय तुझ्या शेजारी. मी कुठेही."

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात, हिशेबखात्यात ज्याची हयात गेली, त्याला सहलसुद्धा दोन रकान्यांत दिसते. खिडकी जमेला, ऊन खर्चाला. दरी जमेला, उलटी खर्चाला. म्हणून आवळासुपारीची डबीही यादीत होती. कागद इतका नेटका होता की त्यावर कोणी लेखापरीक्षक बसवला असता तर तो बिचारा निराश होऊन घरी गेला असता.

"मुक्काम एकाच जागी, कुन्नूरला," वसंतराव पुढे म्हणाले. "रोज सामान बांधा, सोडा, ही कटकट नको. सकाळी गाडीने निघायचं, संध्याकाळी गाडीने परत. पहिल्या दिवशी वेलिंग्टन, दुसऱ्या दिवशी उटी."

"बाबा, कॅबने तासाभरात उटी येते," तन्मय म्हणाला. "तुमची ती गाडी सायकलवाल्यालासुद्धा आधी जाऊ देते."

"म्हणूनच तर तिने जायचं. घाईच करायची तर तुझ्या घराखालच्या शोळिंगनल्लूरच्या सिग्नलवर करावी. डोंगरात कशाला?"

तन्मय हसला. वसंतरावांना बरं वाटलं. मुलाला हसवून त्यांना बरेच दिवस झाले होते.

पत्नी निर्मलाबाई गेल्यापासून मुलगा-सून कूर्गला जाऊन आले, मुन्नारला जाऊन आले. वसंतराव वेलचेरीतल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून त्यांचे फोटो बघत आणि घरच्या ग्रुपवर जोडलेले हात पाठवत. 'छान' असं लिहिलं तर त्याखाली काही येत नसे. जोडलेल्या हातांखाली निदान अंगठा यायचा. आणि या खेपेला तन्मयचा फोन आला होता, "बाबा, तुम्हीही चला." त्याच संध्याकाळी त्यांनी ट्रंकेतून स्वेटर काढला आणि गॅलरीत उन्हाला टाकला. चेन्नईत दोरीवर स्वेटर म्हणजे घरात काहीतरी घडल्याची खूण. शेजारचे व्यंकोजी, तंजावरकडचे मराठी, ज्यांच्या घराण्याने कित्येक पिढ्यांत थंडी पाहिलेली नाही, चौकशी करायला दारात आले.

"काय हो, मलेरिया?"

"मुलगा नेतोय," वसंतराव म्हणाले. "डोंगरात."

त्यांनी हे लिफ्टमध्येही सांगितलं, इस्त्रीवाल्यालाही सांगितलं. इस्त्रीवाल्याला मराठी येत नव्हतं आणि वसंतरावांचं तमिळ भाजीपुरतं. तरी त्याला कळलं.

"बाबा, तुम्ही फारच मनावर घेतलंत हं," आता तन्मय कागदावरून नजर फिरवत म्हणाला. "खरी गंमत तर तुम्हाला माहीतच नाही. आमचं तिघांचं ठरत होतं. मी, ऊर्मी आणि तिची आई. तर आई म्हणाल्या, तिघांनी निघायचं नाही. तीन तिघाडा, काम बिघाडा! मी म्हटलं, एवढंच ना? पिशवीत एक सुपारी टाकू, झाले चार. तर म्हणतात कशा, सुपारी कशाला, वसंतराव आहेत की!"

ऊर्मी खळखळून हसली आणि अर्ध्यातच थांबली. "तन्मय."

"अगं, गंमत. बाबांना कळते गंमत."

बाबांना कळली. ते हसलेही, सगळ्यांचं हसणं संपल्यावरही थोडा वेळ हसत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "सुपारीला तिकीट लागत नाही, तेवढाच काय तो फरक."

ओट्याशी ऊर्मीची आई, कुमुदिनीबाई, शेवग्याच्या शेंगा मोडत होत्या. परवाच नाशिकहून आल्या होत्या. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी वर पाहिलं नाही.

वसंतरावांनी चष्म्याचं घर उचललं, बरणी बाजूला केली आणि कागदाची घडी घातली. आधी दोनदा, मग आणखी एकदा, खिशात मावेल इतकी लहान.

"हल्ली गुडघा जरा धरतो," ते म्हणाले. "त्या डब्याची पायरी उंच असते. बघतो मी. नाहीतर माझं तिकीट..."

"अहो, रद्दबिद्द करू नका! नाहीतर आई घरीच बसतील," तन्मय म्हणाला.

"बघतो म्हटलं ना."

त्यांनी उरलेली कॉफी उभ्यानेच संपवली. चपला घालत होते तेव्हा कुमुदिनीबाई हात पुसत बाहेर आल्या.

"मी येते खालपर्यंत. कढीपत्ता संपलाय."

ओट्यावर कढीपत्त्याच्या हिरव्यागार काड्या पडलेल्या वसंतरावांना स्पष्ट दिसत होत्या. हिशेबखात्याचा डोळा, तो काही निवृत्त होत नाही. पण त्यांनी नुसतं दार उघडून धरलं.

खाली रस्त्यावर कंपन्यांच्या बसेस एकीमागून एक सुटत होत्या. दोघं कडेला उभी राहिली. व्याही-विहिणींनी एकमेकांशी काय बोलावं याची रीत लग्नाच्या मांडवापुरती असते. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

"गुडघा कधीपासून?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"आहे आपला. जुना."

"मघा सांगेपर्यंत मला दिसला नव्हता."

वसंतराव रस्त्याकडे बघत राहिले. वेलचेरीकडे जाणारी शेअर रिक्षा अजून दिसत नव्हती.

"मागच्या वर्षी मी गिरनार केला," त्या म्हणाल्या. "बहीण, मेहुणे आणि मी. माझेही गुडघे काही तरणे नाहीत."

"मोठा ग्रुप असेल."

"छे हो. आम्हीच."

वसंतरावांनी मान वळवली. "तिघंच?"

"तिघंच." त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. "सुखरूप गेलो, सुखरूप आलो. काही बिघडलं नाही. ती दोघं बोलत बोलत पुढे चालायची, आणि मी मागून पाण्याची बाटली घेऊन. कुठे थांबायचं तेही त्यांनीच ठरवायचं. फोटो मात्र मी छान काढले त्यांचे."

एक मोठी बस त्यांच्या पुढ्यातून गेली. स्वयंपाकघरातलं बोलणं आणि रस्त्यावरचं बोलणं वसंतरावांनी मनात शेजारी शेजारी मांडून पाहिलं. जुळेना. एरवी हिशेब जुळला नाही की त्यांना जेवण जात नसे.

"मुलं हसतात अपशकुनाला," कुमुदिनीबाई रस्त्याकडेच बघत म्हणाल्या. "पण ऐकतात."

शेअर रिक्षा आली. ड्रायव्हरने अर्धं अंग बाहेर काढलं.

"वेलचेरी, वेलचेरी! एरुंगो, सार!"

आतल्या बायकांनी सरकून जागा केली. वसंतरावांनी एक पाय वर ठेवला. गुडघा विनातक्रार वाकला.

"दुसऱ्या दिवसापर्यंतच वाचलंत तुम्ही," मागून कुमुदिनीबाई म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी काय आहे?"

"तिसऱ्या दिवशी तसं काही नाही." ते तसेच, एक पाय वर ठेवून म्हणाले. "मधे एक केट्टी म्हणून स्टेशन आहे. छोटंसं. तिथे उतरायचं."

"आणि?"

"बाकावर बसायचं. पुढची गाडी येईपर्यंत."

"पाहायला काय आहे तिथे?"

"खाली दरी. दुसरं काही नाही. मुलांना नाही आवडणार. त्यांनी कॅब करावी."

"करू देत. मी दशम्या करीन."

"सार!" ड्रायव्हर कावला.

वसंतरावांनी पाय खाली घेतला आणि त्याला हातानेच, तू हो पुढे, म्हटलं. तो तमिळमध्ये काहीतरी बोलला. ते भाजीपुरतं नव्हतं, त्यामुळे कळलं नाही.

"बाकावर सावली असते का हो?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

वसंतरावांनी विचार केला. गाड्यांच्या वेळा, डब्यांची तोंडं, डोंगरातलं ऊन कुठल्या बाजूने येतं, हे सारं त्यांनी शोधून ठेवलं होतं.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले.