रांजण

ईदच्या दुपारी जावातल्या सेमारांगला सगळी भावंडं जमली, तेव्हा थोरल्या बाग्योने लहानपणचा तो लाडका विनोदी सिनेमा लावला. त्यातल्या लठ्ठ मोलकरणीला सगळे ‘रांजण’ म्हणून चिडवतात. ती चिखलात आपटली तसं घर खदखदून हसलं. धाकटी बहीण सुलास्त्री तेवढी हसली नाही. सिनेमा पाहिल्यापासून बाग्यो तिलाही रांजणच म्हणायचा, अगदी तिच्या लग्नापर्यंत.

तिच्या नऊ वर्षांच्या लेकीकडे बघून बाग्यो म्हणाला, “आणि हा आमचा छोटा रांजण!”

सुलास्त्रीने टीव्हीची वायर उपटली.

“सकाळी ईदची रीत म्हणून सगळ्यांची माफी मागितलीस ना, दादा? आता हिची खरी माग.”

“अगं, गंमत केली!”

त्याने वायर पुन्हा लावली. सुलास्त्री लेकीला घेऊन निघाली, ती त्या घरी परत गेली नाही.