लाल पट्टीतली कडूबाई

पेडगावजवळच्या रेल्वेपुलाच्या साईट ऑफिसात मी कामाचे तक्ते भरते. कोणतं काम किती दिवसांचं, कोणतं संपल्यावर कोणतं सुरू. त्यातली काही कामं संगणकावर लाल पट्टीत दिसतात. लाल काम एक दिवस लांबलं की पूल एक दिवस लांबला. बाकीची निळी. ती पंधरा-वीस दिवस मागंपुढं झाली तरी कुणाचं अडत नाही.

आषाढात लाल पट्ट्यांत एक नवी ओळ आली. 'कडूबाईचं घर, संमती.'

पाऊसकाळ संपला की पुलाच्या चढाला मातीचा भराव घालायचा होता, आणि त्याचा उतार कडूबाईच्या पत्र्याच्या दोन खोल्यांवर येत होता. घर तिच्या नावावर. तिनं अंगठा दिला की झालं. पण बाई सत्तरीपुढची, दम्यानं खंगलेली. अंगठा न देता गेली तर वारस गोळा करायचे. तीन लेकी तीन गावांना, आणि सुरतेला गेलेल्या मुलाचा दहा वर्षांत पत्ता नाही.

"म्हातारी मेली की आठ महिने गेले," आमचे इंजिनिअर योगीराज सर म्हणाले. "जगवा तिला."

मग तिला जगवणं सुरू झालं. परभणीहून आठवड्याला डॉक्टर, दम्याचा पंप, रोज अर्धा लिटर दूध. माझा चातुर्मासाचा नेम होता, रोज एका गरजूला जेवू घातल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. सर म्हणाले, "मग तिलाच डबा द्या की, मॅडम. पुण्य तुमचं, तारीख आमची." मला वाटलं, देवानंच सोय केली.

कडूबाई डबा उघडून आधी वास घ्यायची.

"कांदा घालत न्हाई व्हय तुमी?"

"चातुर्मास आहे, मावशी."

"तुमचा हाय. माझा न्हाई."

अंगठ्याचं काढलं की म्हणायची, "देते की. कुठं पळून चालले." मग खोकायची. "आज हात लय कापायलाय, बाई. ठसा फाकंल." पुढच्या वेळी अमावस्या निघाली. त्यापुढं थोरल्या लेकीला विचारायचं होतं. भाद्रपद गेला, अश्विन गेला. दिवाळी झाली आणि तक्त्यावरची तारीख उलटली. सर रोज सकाळी आधी तिचीच ओळ बघत.

एक दिवस मी एकटीच डबा घेऊन गेले होते. ती भिंतीला पाठ न टेकता बाजेवर आडवी झाली होती. मी पहिल्यांदाच तिला आडवी बघितली.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "अंगठा दिला की दूध बंद, पंप बंद. मला कळत न्हाई व्हय? चार वर्सं बसून झोपले मी. जरा आडवं होऊ द्या."

मी हसले. डबा धुऊन घेतला आणि ऑफिसात आले.

"काय म्हणते म्हातारी?" सरांनी विचारलं.

खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे. लग्नाआधीपासूनचा. जे ऐकलं ते मी सांगितलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची मागं सारली, खिडकीतून त्या घराकडं बघितलं आणि डिझाईनवाल्यांना फोन लावला. चौथ्या दिवशी नवा नकाशा आला. मातीचा उतार रद्द, तिथं सरळ काँक्रीटची भिंत. घराला हात लावायची गरजच नाही. मी ती ओळ पुसली. लाल पट्टी रुळांवरच्या लोखंडी गर्डरकडं सरकली, आणि डॉक्टर आणणारी जीपही तिकडंच गेली. दूधवाल्याला सांगावंसुद्धा लागलं नाही. त्याला आपोआप कळलं.

डबा मात्र मी कार्तिकी द्वादशीपर्यंत दिला. त्या दिवशी पुरण होतं.

"उद्या काय?" तिनं विचारलं.

"नेम पुरा झाला, मावशी."

आठ दिवसांनी ती ऑफिसात आली. पायरीवर बसली, छातीतून शिटी वाजत होती. बराच वेळ बोलता येईना. नुसता अंगठा पुढं धरला.

"घ्या," ती म्हणाली. "आज हात कापत न्हाई."

सरांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "आता नको, आजी. तुमचं घर लागत नाही आम्हाला. राहा निवांत."

"मग पंप तेवढा..."

"ते काम बंद झालं, आजी."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी गर्डरच्या तारखा भरत होते. अंगठा तिनं तसाच धरला होता, पुसायला काही नसतानाही मग पदराला पुसला.

पौषात भिंत उभी राहिली. तिच्या दारापासून तीन हातांवर, वीस फूट उंच. माघात ती गेली. बसलेलीच सापडली. भिंत आणि दार यांच्यामध्ये तिरडी वळेना, म्हणून आमच्याच मजुरांनी मागचे पत्रे काढून तिला बाहेर घेतलं. सर घड्याळ बघत उभे होते.

रोजच्या अहवालात 'अडथळा' असा एक रकाना असतो, आणि त्यापुढं 'कामावर परिणाम'. मजूर अर्धा तास तिकडं होते, ते मी लिहिलं. मग तक्ता तपासला. त्या मजुरांचं काम निळं होतं.

खोटं लिहायचं नाही. पुढच्या रकान्यात मी लिहिलं, शून्य दिवस.