संताच्या खांद्यावरचं ठिगळ

रंगाऱ्याची अडचण तुमच्या-आमच्या घरातलीच होती. त्याची आई इस्पितळात फरशी पुसायची. कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आई हॉस्पिटलात असते." एवढंच. ऐकणाऱ्याला ती नर्स वाटली तर वाटू दे, त्याचा गैरसमज हा दूर करायचा नाही. खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही, हे कसब आपल्यापैकी अनेकांना छान जमतं.

हाताचा मात्र तो पक्का. जुन्या लाकडी मूर्ती रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणून चर्चच्या समितीने संत फ्रान्सिसची मूर्ती त्याच्याकडे सोपवली. रविवारी दहाला अनावरण, बिशप येणार आणि अध्यक्षांचा हुकूम एकच: झग्यावर सोनेरी वर्ख हवा, सगळं कसं झळकलं पाहिजे.

आईने विचारलं, "मी येऊ ना रे?" तिची ड्यूटी पावणेदहाला सुटायची. इस्पितळ चर्चच्या समोरच होतं, पण घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. निळ्या गणवेशातच यावं लागलं असतं. रंगारी ब्रश धुता धुता म्हणाला, धावपळ होईल तुझी, नंतर सावकाश बघ. आई काय ते समजली. बरं म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

गुरुवारी त्याने मूर्तीचा जुना रंग खरवडायला घेतला. डाव्या खांद्यावर पातं लागताच पुट्टीचा एक तुकडा निघून पडला. ती पुट्टी त्याने ओळखली, कारण ती त्याचीच होती. वीस वर्षांपूर्वी उस्तादाच्या हाताखाली शिकताना त्याने या खांद्यावरचे खड्डे बुजवून शाबासकी मिळवली होती. आज पाहतो तर ते खड्डे नव्हतेच. लाकडात कोरलेलं चौकोनी ठिगळ होतं आणि त्याच्या चारी कडांना टाके. कोरणाऱ्याने एकेक टाका जीव ओतून कोरला होता.

त्याने फादरना बोलावलं. म्हातारे फादर चष्मा कपाळावर चढवून खांद्यापाशी वाकले आणि हसायलाच लागले. हे कुणी बुजवलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. रंगाऱ्याने कबूल केलं.

"अरे, कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा हा," फादर म्हणाले. "बापाच्या दुकानात हवे तेवढे तागे पडलेले. तरी झग्याला ठिगळं लावून हिंडायचा आणि स्वतःला सगळ्यांचा धाकटा भाऊ म्हणवायचा. त्याला कधी ठिगळाची लाज वाटली नाही. लाज आपल्याला वाटते, मग आपण पुट्टी भरत बसतो."

रंगारी पुन्हा खांद्यापाशी वाकला. टाक्यांवरून बोट फिरवताना त्याला आपली शाळेची पँट आठवली, तिच्या गुडघ्यावरचं ठिगळ आठवलं, आणि ते लावणारे, फिनेलने भेगाळलेले हात आठवले. त्याच हातांनी त्याला पहिला ब्रश आणून दिला होता. आणि तो त्या हातांवरच पुट्टी भरायला निघाला होता!

शुक्रवारी अध्यक्ष वर्ख घेऊन आले. रंगाऱ्याने सांगितलं, वर्ख लागणार नाही, ठिगळ दिसणार. अध्यक्ष चिडले. बिशपसमोर आपलं हसं होईल, दुसरा रंगारी आणतो, असं बरंच काही बोलले.

"आणा," रंगारी शांतपणे म्हणाला. "माझ्या हातून हे ठिगळ पुन्हा बुजणार नाही."

अध्यक्षांनी फादरकडे पाहिलं. फादर मूर्तीकडे बघत राहिले. शेवटी अध्यक्षांनी वर्ख परत खिशात घातला.

त्या संध्याकाळी रंगारी आईला म्हणाला, "रविवारी तू यायचंस. गणवेशातच ये, मी न्यायला येतो."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते मी सांगतो ना त्यांना."

रविवारी पडदा सरकला. साधा तपकिरी झगा, अनवाणी पाय आणि खांद्यावर ठिगळ. बिशपनी खांद्यावरचं ठिगळ निरखलं आणि विचारलं, हे काम कुणाचं? रंगारी पहिल्या बाकावरून उठला, तो शेजारी बसलेल्या आईचा हात धरूनच.

"काम माझं," तो भरल्या चर्चमध्ये म्हणाला. "आणि ही माझी आई. समोरच्या इस्पितळात फरशी पुसते. तिच्या कष्टांवर मी रंगारी झालो."

त्याचा आवाज जराही कापला नाही. उलट अभिमानाने ऊर भरून आला होता. बिशपनी खाली येऊन त्या माउलीचे दोन्ही हात हातात घेतले. तेव्हा अध्यक्षही उठून उभे राहिले, आणि त्यांच्यामागे सारी मंडळी.

वाचकहो, ज्या हातांनी आपल्याला उभं केलं, ते हात चारचौघांत अभिमानाने धरता आले पाहिजेत. त्या अनवाणी संताची नम्रता आपल्याला याहून वेगळं काय शिकवते? कष्ट झाकायचे नसतात, आणि झाकणाऱ्याने एकदा तरी आपली पुट्टी आपणच खरवडून काढावी.

गर्दी पांगल्यावर आई मूर्तीपाशी गेली. खांद्यावरचं ठिगळ तिने जवळून नीट पाहिलं, बोटाने चाचपलं.

"टाके जरा लांब पडलेत," ती म्हणाली. "मी जवळजवळ घातले असते."