उल्काच्या घरातला जिना

उल्का सुतारच्या घरातल्या जिन्याला तिचा खेळ जितकी माणसं खेळत तितक्याच पायऱ्या होत्या. मी मिरजेला तिच्याकडे पहिल्यांदा गेले त्या दिवशी सात होत्या.

सात पायऱ्या म्हणजे खालच्या खोलीचं छत जमिनीपासून चार फुटांवर. मी वाकून आत गेले आणि सतरंजीवर बसले. उल्काची आई बसल्या बसल्याच सरकत स्टोव्हपाशी गेली, चहा केला, आणि सरकतच कप घेऊन आली. तिच्या साडीला गुडघ्यांवर ठिगळं होती.

"मागच्या महिन्यात अकरा होत्या," उल्का म्हणाली. "दोघी बहिणी खेळायच्या सोलापूरच्या. त्यांची परीक्षा आली. एकाचा फोन पाण्यात पडला. एकाचं काही कळलं नाही."

"तुम्ही घरचे खेळत नाही?"

"घरच्यांची पायरी होत नाही. आम्ही करून बघितलं."

वरून काठीचे दोन ठोके आले. छत इतकं जवळ होतं की ते माझ्या डोक्यावरच पडल्यासारखे वाटले.

"अण्णा," काकू म्हणाल्या. "चहा मागतायत."

अण्णा म्हणजे उल्काचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाल्यापासून दोन वर्षं ते वरून खाली उतरले नव्हते. उल्कानं कप उचलला, रांगत जिन्यापर्यंत गेली आणि दुसऱ्या पायरीवर उभी राहिली तशी कमरेपर्यंत वरच्या मजल्यावर पोचली.

मी एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सदर लिहिते. ज्या मोबाइल गेमकडे कुणी बघत नाही, पण बघायला हवं, अशा एका गेमबद्दल दर आठवड्याला लिहायचं. बारा वर्षं लिहितेय. लोक मला विशाखाताई म्हणून ओळखतात, आणि बहुतेक जण माझं सदर वाचून गेम घेत नाहीत. मला हे माहीत होतं. उल्काला मी ते सांगितलंही.

"दोन माणसं मिळाली तरी चालतील," ती म्हणाली. "आईला मान वाकवून का होईना, उभं राहता येईल. फार नकोत."

तिच्या खेळाचं नाव 'वाळवण'. गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड वाळत घातलेले असतात आणि तुम्ही राखण करत बसायचं. कावळा आला की बोट हलवून हाकलायचं. वारा सुटला की कापडाच्या कोपऱ्यावर दगड ठेवायचा. बाकी काही नाही. ऊन सरकतं, खालच्या गल्लीतून भांड्यांना कल्हई करणारा ओरडत जातो, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होते. हे सगळे आवाज उल्कानं चार उन्हाळे स्वतःच्या गच्चीवर बसून गोळा केले होते. कावळ्याचा आवाज मात्र अण्णांचा होता. खऱ्या कावळ्यांनी दाद दिली नाही म्हणून.

मी तिथंच बसून गेम फोनवर घेतला आणि पहिला कावळा हाकलला. भिंतीत काहीतरी करकरलं. जिन्याकडं बघितलं तर आठवी पायरी आली होती, निळसर शहाबादी फरशीची. काकूंनी हात वर करून छताला लावला, आणि मग आणखी थोडा वर केला.

"सात बोटं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी फार मनापासून लिहिलं. इतकं मनापासून मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. काकू सरकत चालतात हे लिहिलं नाही. फक्त लिहिलं की या खेळात तुम्ही कुणाचं तरी काहीतरी सांभाळत बसता, आणि असं काही करायला कुणी आपल्याला बऱ्याच दिवसांत सांगितलेलं नसतं.

रविवारी सकाळी दहाला उल्काचा फोन आला. "ताई, एकोणीस! आई उभी आहे. सरळ उभी आहे."

दुपारी चोपन्न झाल्या. सोमवारी काकूंनी पंखा लावून घेतला. त्यासाठी वीस फुटी दांडी लागली. बुटक्या दाराच्या जागी नवं उंच दारही बसवलं. मंगळवारी सहाशे. बुधवारी उल्कानं मोजणं सोडलं, कारण अण्णांचा चहा वर पोचेपर्यंत गार व्हायला लागला होता. बाहेरून घर पहिल्याइतकंच दिसत होतं. फक्त आतला जिना वाढत होता.

गुरुवारी ती सकाळी आठला डबा घेऊन वर निघाली आणि दुपारी एकला पोचली. खाली आली तेव्हा दिवे लागले होते.

"अण्णा काय म्हणाले?" मी फोनवर विचारलं.

"म्हणाले, काठी वाजवतो ती ऐकू येते का? मी म्हटलं, येते."

"येते?"

"नाही."

शुक्रवारी तिचा पाय सुजला. मी संपादकांना, करंबेळकर साहेबांना फोन केला आणि सांगितलं की एक चौकट छापा, 'वाळवण' खेळू नका.

"ताई, तसं छापलं तर दुप्पट खेळतील," ते म्हणाले. "तुमचं बारा वर्षांत पहिल्यांदा काही लागलंय. आनंदात राहा."

मी माझ्या फोनवरून गेम काढून टाकला. बहिणीला, शेजारच्या अनघाला, शाळेतल्या दोघी मैत्रिणींना काढायला लावला. खेळणाऱ्यांच्या आकड्यावरून तोवर झालेल्या चार हजार दोनशे पायऱ्यांमधून पाच कमी झाल्या. शनिवारी उल्का लंगडत तीनशे पायऱ्यांपर्यंत गेली आणि बसून राहिली. अण्णांनी शुक्रवारपासून काही खाल्लं नव्हतं.

म्हणून रविवारी सकाळी सातला मी मिरजेला पोचले आणि डबा घेऊन जिना चढायला लागले.

पायऱ्या एकसारख्या नव्हत्या. काही सिमेंटच्या, काही लाकडी, एक पांढऱ्या संगमरवराची होती, तिच्यावर पाय ठेवताना मला अवघडल्यासारखं झालं. शंभरानंतर खालचा उजेड संपला आणि वरचा अजून आला नव्हता. मी भिंतीला हात लावून चढत राहिले. दर थोड्या वेळानं पुढं कुठंतरी करकर होई. नवीन पायरी. मी एक चढायचे तेवढ्यात दोन यायच्या. डब्यात आमटी होती, ती सांडू नये म्हणून मी डबा छातीशी धरला होता.

नऊच्या सुमाराला करकर थांबली. मला बरं वाटलं. मग फोन वाजला. करंबेळकर साहेब.

"ताई, आजचा गेमही उचलला लोकांनी! 'पंक्चर'! सायकलचं पंक्चर काढायचं, काय कल्पना आहे. माझ्या सुनेनं ते कावळ्यांचं काढून हेच घेतलं."

"आजचा? मी आज काही पाठवलं नव्हतं."

"तुमचा जुना लेख पडून होता ना. लावला. सदर रिकामं ठेवता येतं का?"

मी फोन ठेवला. खालून एक आवाज आला, पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखा. तो जवळ येत होता. मी न चढता उभी होते, तरी वरचा उजेड माझ्याकडे येत होता. आधी नाण्याएवढा, मग ताटाएवढा, मग दाराएवढा. मी एक पाऊल टाकलं आणि अण्णांच्या खोलीत पोचले.

अण्णा पलंगावर बसले होते. त्यांनी आधी डबा बघितला, मग मला.

"तुम्ही लिहिलंत ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं लिहिलंत. उल्कानं वाचून दाखवलं." त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि सांडलेली आमटी बोटानं पुसून घेतली.

मी दारातून जिन्याकडं बघितलं. साठ असतील. मग पन्नास. खालची खोली दिसायला लागली. पंख्याची दांडी वाकून तुटली. उल्का मान वर करून माझ्याकडं बघत होती.

"बाहेर जा!" मी ओरडले. "काकूंना घेऊन बाहेर जा!"

ती लंगडत दाराकडं धावली. नवं दार आत उघडणारं होतं, आणि चौकटीत आवळून बसलं होतं. ती ओढत राहिली. वीस झाल्या, पंधरा झाल्या. वरची तुळई दाराच्या चौकटीवर येऊन बसली, आणि मग दार हललंच नाही. खिडकीला गज होते, आणि पायऱ्या इतक्या भराभर गेल्या की जिन्याचं तोंडही आवळून हात जाईल एवढीच फट उरली.

मी जमिनीवर बसले आणि 'वाळवण' पुन्हा फोनवर घेतला. एक पायरी. मी अनघाला फोन लावला.

"परत घेऊ?" ती म्हणाली. "तूच तर काढायला लावलंस."

"आत्ता घे. लगेच."

"माझ्याकडं पाहुणे आलेत गं. संध्याकाळी घेते."

बहिणीनं फोन उचलला नाही. मैत्रिणींपैकी एक म्हणाली घेते, आणि घेतला, आणि एक पायरी आली. तेवढ्यात दुसरीकडच्या तीन गेल्या. अण्णा जेवायचे थांबले होते.

"मला दाखवा," ते म्हणाले. "मी खेळतो."

"घरच्यांची पायरी होत नाही, अण्णा."

"माहितेय. दाखवा."

उल्कानं त्यांना दिलेला फोन उशीखाली होता. मी त्यांना दाखवलं. कावळा त्यांच्याच आवाजात ओरडला आणि त्यांनी बोटानं तो हाकलला. जिना होता तेवढाच राहिला. नऊ. मग सहा.

"विशाखाताई," खालून उल्काचा आवाज आला. ती आता ओरडत नव्हती. इतक्या जवळून ओरडायची गरज नव्हती. "आई खाली बसलीय."

"मी फोन करतेय सगळ्यांना."

"हो."

मी करत होते. डाव्या हातानं नंबर लावायचा, स्पीकर चालू करायचा, उजव्या हातानं कावळे हाकलायचे. हे थांबवलं तर माझी पायरी जाईल अशी मला भीती होती, आणि मला ते करून बघायचं नव्हतं. लोक फोन उचलत होते. सगळे चांगले बोलत होते. एक जण म्हणाला, तो गेम फार सुंदर होता हो, तुमच्यामुळे कळला.

चार.

"आई आडवी झालीय," उल्का म्हणाली. "मी पण."

आता तिचा आवाज जिन्याच्या तोंडातून येत नव्हता. तो खोलीच्या मध्यभागी, फरशीच्या खालून येत होता. अण्णांनी फोन पलंगावर ठेवला. दोन वर्षांत ते कधी जमिनीवर बसले नव्हते. पलंगाच्या कडेला धरून ते उतरले, एक गुडघा, मग दुसरा, आणि पालथे झाले. फरशीवर कान ठेवून ते थोडे डावीकडं सरकले. परत कान ठेवला. मग आणखी थोडे सरकले.

तिथं फरशी तळहाताएवढ्या जागेत गरम झाली होती. अण्णांनी आपला हात बरोबर त्या जागेवर पसरला, बोटावर बोट येईल असा, आणि दाबला नाही.