दीड हात खोल

“चाचा, ये तुमकू नै झेपनेका,” असं म्हणत कादरभाईनं स्वतःच ते धूड उचलून माझ्या पाठीवर चढवलं. पट्टा खांद्यात रुतला, पेटीनं मागं ओढलं आणि मी त्याच्या भंगाराच्या ढिगावर बसता बसता वाचलो. पाठीवर पेटी, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी तबकडी आणि दोन्ही कानांवर आवाज ऐकायचे कर्णे. लढाईच्या काळात जमिनीतले सुरुंग शोधायला लष्करानं वापरलेलं हे यंत्र पुढं कधीतरी लिलावात निघालं होतं. जमिनीत धातू असला की कानात शीळ वाजते. सोनं काय आणि गंजका खिळा काय, त्याला सगळं सारखंच.

हे कशाला पाहिजे, असं कादरभाईनं विचारलं. जुना छंद आहे, आता रिकामपण आहे, असं मी सांगितलं. तो डोळे मिचकावून म्हणाला की गुप्तधन सापडलं तर आम्हाला विसरू नका. माझं बोलणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

मी सोमलिंग. सोलापूरच्या पाणीपुरवठ्यात फिटर होतो. नगरपालिकेत चिकटलो आणि महानगरपालिकेतून चौऱ्याहत्तर साली निवृत्त झालो. भवानी पेठेत डांबराखाली कुठला व्हॉल्व्ह कुठं आहे, ते मी नुसती पावलं टाकून दाखवायचो. जिथं अंदाज चालायचा नाही तिथं खात्याकडं अस्संच एक यंत्र होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. रविवारी साहेबांच्या परवानगीनं मी ते घरी आणायचो. खळ्यात हरवलेली कुणाची नथ शोधून दे, कुणाचं जोडवं शोधून दे, कुणी नसलं तर किल्ल्याबाहेरच्या माळावर आपलंच फिर. सापडायचं काय, तर बैलांचे नाल. पण शीळ वाजली की पोटात कसं गोड व्हायचं. दाक्षायणी, माझी बायको, म्हणायची की या माणसाला जमिनीवरचं काही दिसत नाही, जमिनीखालचं तेवढं दिसतं.

छप्पन साली ती गेली. त्यानंतर मी यंत्र खात्याच्या कामाशिवाय हातात धरलं नाही. रविवारी झोपून राहायचो.

आणि आता अठरा वर्षांनी पुन्हा घ्यायचं होतं, ते धाकट्या भावाच्या, ईश्वरप्पाच्या पत्रामुळं. आमचं गाव होटगीच्या पुढं. थोरल्या दुष्काळानं सगळं वाळवून नेल्यावर ईश्वरप्पानं विहिरीचं मनावर घेतलं होतं. रावजी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रानभर फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथं खूण झाली. अमावास्या सरली की कुदळ मारायची. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ‘वहिनीची जागा तिथंच कुठंतरी असावी, आता सांगता येत नाही.’

आमच्यात माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि पुष्कळांचं पुरणं आपापल्या रानातच होतं. दाक्षायणीची जागा लिंबाच्या झाडापासून उगवतीला दहा पावलं, एवढं मला पाठ होतं. पहिली दोन-तीन वर्षं मी जाऊन बेल वाहून आलो. मग कधी ड्यूटी, कधी अंगात कणकण. खरं सांगायचं तर नुसता कंटाळा. लिंब दुष्काळात तोडून जळणाला गेला. रान सरकारी कामात सपाट झालं, बांध सरकले, माती हातभर इकडची तिकडं गेली. मी पत्र घेऊन लगेच गावी गेलो आणि त्या रानात उभा राहिलो, तर मला काही म्हणता काही कळेना. शहरभरच्या नळांच्या जागा पाठ असलेला माणूस मी, आणि आपली बायको कुठं आहे ते मला दाखवता येईना. लाज वाटली. विहिरीत तिची हाडं वर आली असती आणि कामावरच्या माणसांनी पाटीत भरून बाजूला टाकली असती.

त्या दिवशी मायाक्का दाराआडून बोलली. मायाक्का म्हणजे ईश्वरप्पाची बायको. आमच्याकडं धाकट्याची बायको थोरल्या दिरासमोर येत नाही, आली तर पदर ओढून, आणि बोलायचं झालं तर नवऱ्याच्या तोंडून. तशी ती ईश्वरप्पाला म्हणाली, की त्यांना सांगा, लिंगाची डबी जाऊबाईंच्या हातातच राहिली हाय.

इथं थोडं सांगायला पाहिजे. आमच्यात गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. माणूस गेलं की लिंग काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. लिंग त्याच्याबरोबर जातं, रिकामी डबी घरी येते. दाक्षायणी गेली तेव्हा मी नव्हतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी होती आणि त्यातच पाण्याची मोठी लाइन फुटलेली. निम्मं शहर कोरडं, रजा कुठली? ती हुरड्याला म्हणून गावी गेलेली, तापानं तीन दिवसांत आटोपली. मी पोचलो दुसऱ्या दिवशी. डबी कुठं आहे, असं विचारलं तर वडील गप्प, भाऊ गप्प. तिला शेवटची आंघोळ मायाक्कानं घातली होती. आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात मायाक्काच्या पायात चांदीचे तोडे दिसले.

मी काय समजायचं ते समजलो. बोललो कुणाशीच नाही. तिच्याशी अबोला धरला, आणि गंमत म्हणजे तो कुणाला कळला सुद्धा नाही, कारण थोरला दीर आणि धाकटी भावजय बोलत नाहीत ही रीतच. अठरा वर्षं माझा राग रीतीच्या पदराखाली सुखानं राहिला.

आता ईश्वरप्पानं सांगितलं ते असं. त्या दिवशी विधीला स्वामी यायला उशीर झाला, दिवस बुडायला आला, आणि डबीचं झाकण काही केल्या उघडेना. शेवटी वडिलांनी डबीच तळहातावर ठेवायला लावली. ही चूक होती. बभ्रा नको म्हणून त्यांनी घरातल्यांना शपथ घातली. वडील गेल्या साली वारले, म्हणून आता बोलता आलं. मी मान डोलावली. पण मला पटलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. तरी एक खरं, की डबी खरोखर तिच्या हातात असली तर यंत्राला ती सापडणार होती. अमावास्येला अकरा दिवस होते.

म्हणून हा खटाटोप. कादरभाईचं यंत्र मी अमावास्येपर्यंतच्या बोलीवर घेतलं आणि तसाच अंबादासकडं गेलो. अंबादास भवानी पेठेत रेडिओ दुरुस्त करतो, साळ्यांचा पोर, डोकं तल्लख. त्यानं माझ्या सांगण्यावरून एक यंत्र बनवलं होतं. ट्रान्झिस्टरच्या खोक्यातून काढलेले भाग, लाकडी कड्यावर गुंडाळलेली तार, खाली बांबूची काठी. वजन छत्रीएवढं. हातात घेतलं आणि वाटलं, देव पावला. माझा उजवा खांदा पाने फिरवून फिरवून कामातून गेलेला आहे. त्या लष्करी धुडाखाली दिवसभर रान पालथं घालायचं म्हणजे मलाच दाक्षायणीशेजारी जागा बघावी लागली असती.

पण यंत्र हातात घेऊन निवडत नाहीत, पुरून निवडतात. मागच्या मैदानात आम्ही तीन खड्डे घेतले. वीतभर, हातभर आणि दीड हात. तिन्हींत एकेक पितळी वाटी पुरली. अंबादासचं यंत्र वीतभरावर झकास बोललं, हातभरावर कुरकुरलं, दीड हातावर मुकं झालं. त्यानं तार घट्ट केली, काहीतरी फिरवलं, पुन्हा मुकं. मग मी धूड पाठीवर घेतलं. दीड हातावर ते बोललं. अगदी बारीक, पण बोललं.

बसवलेल्या माणसाचा हात किती खोल असतो आणि सपाटीकरणात किती माती गेली, याचा हिशेब मी रात्र-रात्र करून ठेवला होता. आकडा दीड हाताच्या आसपासच येत होता. अंबादासचा चेहरा उतरला. “काका, छंदच आहे तर वरवरचं शोधा की,” तो म्हणाला. त्याला काय सांगणार? वरवरचं मी आयुष्यभर शोधलं, असं मनात आलं. ते मनातच ठेवलं. पोरगा गुणाचा. धुडाला लागते तसली बॅटरी आता मिळत नाही, तर त्यानं चाचणीआधीच टॉर्चचे सेल ओळीनं बांधून त्याच पेटीत बसवून दिले होते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी पॅसेंजरनं होटगीला उतरलो. ईश्वरप्पा गाडी घेऊन आला होता. रानात पोचलो तर बांधावर निम्मं गाव. सोमलिंग शहरातून यंत्र घेऊन गुप्तधन काढायला आलाय, अशी बोंब आधीच झालेली. रावजी पाणाड्या खुणेच्या दगडापाशी मांडी घालून बसला होता. त्यानं यंत्राकडं बघून विचारलं की याला नारळ लागतो का. लोक हसले, मीही हसलो. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. दोघंही जमिनीखालचं सांगणारे, एकाला नारळ, दुसऱ्याला सेल.

दोऱ्या बांधून पट्टे पाडले आणि चालायला लागलो. शीळ वाजली की खाली बसायचं, वरवरची माती उकरायची, पुन्हा ऐकायचं. खिळा निघाला. नांगराच्या फाळाचा तुकडा निघाला. नाल तर किती निघाले विचारू नका. दुपारपर्यंत बांधावरची माणसं कंटाळून निम्मी झाली. पाठीला पेटी, डोक्यावर ऊन, खांद्यात नुसता ठणका. दोनदा वाटलं, पुरे, कुठल्याही दगडावर बोट ठेवावं आणि ही म्हणून सांगावं. कोण विचारणार आहे? ईश्वरप्पा तर सुटल्यासारखा मान डोलावील. पण मग मी उरलेलं आयुष्य त्या दगडाला बेल वाहिला असता.

उन्हं कलल्यावर, रावजीच्या खुणेपासून चार पावलांवर, कानात बारीक शीळ आली. वरची माती वीतभर काढली. काही नाही, पण शीळ तीच, किंचित मोठी. आजूबाजूला तबकडी फिरवली, शीळ गेली. परत आणली, आली. एका जागी, लहान, खोल. मी तिथंच गुडघ्यावर बसलो. ईश्वरप्पा कुदळ घेऊन पुढं झाला, मी हात आडवा केला. “खणायचं नाही. मला कळलं. विहीर पलीकडं घे.”

“खणा,” मागून आवाज आला.

मायाक्का होती. बांध उतरून पायवाट सोडून सरळ माझ्यासमोर आली होती. ईश्वरप्पा म्हणाला, तू घरी जा. ती हलली नाही. ती त्याच्याशी बोलतच नव्हती.

“भावजी, खणा. तुमाला कळलं असंल, मला बघायचं हाय. तुमच्या मनात काय हाय ते मला पयल्या दिसापास्नं म्हाईत हाय. ते तोडे माज्या आईनं घातले हुते, तुमची नजर बगून मी ते पेटीत टाकून दिले. अठरा वर्सं घातले न्हाईत.”

माझ्या कानातली शीळ चालूच. मला वाटलं होतं माझा राग कुणाला दिसला नाही. जिला दिसायचा तिला पहिल्यापासून दिसत होता. पण खणायचं म्हणजे हिच्यासाठी दाक्षायणीला उठवायचं. मला ते जमेना, आणि हिला नाही म्हणायलाही तोंड नव्हतं.

“मायाक्का, मी तुला चोर समजलो,” मी सगळ्यांदेखत म्हणालो. “विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मी विचारलं नाही. माझी चूक झाली. आता तू म्हणशील तर मी माझ्या हातानं खणतो.”

मी कर्णे काढले आणि तिच्यापुढं धरले. तिनं ते घेतले, पदरावरूनच कानांना लावले, आणि माझ्यासमोर मातीत बसली. मी तबकडी हळू फिरवली. शीळ आली तशी तिच्या तोंडावर दिसली. मी थांबलो, तर तिनं हातानं खूण केली, आणखी फिरवा. मग कर्णे काढून मांडीवर ठेवले.

“हाय,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे तिला.”

ईश्वरप्पानं दगड आणायला माणसं पाठवली. रावजी नारळ घेऊन पलीकडच्या अंगाला निघाला. मी यंत्र बंद केलं. पेटी उतरवायचं सुद्धा सुचलं नाही. अठरा वर्षांत मी दाक्षायणीच्या शेवटच्या दिवसाबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं, कारण तिच्याजवळ होती ती एकटी मायाक्का. आता विचारलं. शेवटी काही म्हणाली का?

मायाक्कानं मातीवर हात फिरवला. “सांजच्याला सुद आली जरा. तुमाला निरोप गेलाय, येत्यात, आसं मी म्हनलं. तर म्हनली, न्हाय यायचे, काम हाय. मग मलाच इचारली, सोलापुरात पानी सुटलं आसंल का गं.”

दिवस खाली आला होता. माणसं दगड घेऊन येत होती.

“सुटलं होतं,” मी म्हणालो. “त्याच संध्याकाळी सुटलं.”